परदेशातून गाडी आणायचीय? आधी किमतीला चारने गुणा, मग पुढचं बोलू

आमचा एक आतेभाऊ सात वर्षं इंग्लंडात काढून पुण्याला परत यायला निघाला होता, तेव्हा त्याचा पहिला फोन फ्लॅटबद्दल नाही, मुलांच्या शाळेबद्दल नाही, तर गाडीबद्दल. दोन वर्षं जुनी पेट्रोल एसयूव्ही, जीव लावून सांभाळलेली, "अरे, कंटेनरमध्ये घरच्या सामानाबरोबर टाकून आणतो ना, थोडी ड्युटी लागेल ती भरू". थोडी! मग दोन-तीन रविवार बसून आम्ही एक्सेलमध्ये अख्खा हिशोब मांडला, तोच इथे त्याच्याच गाडीचे आकडे घेऊन लिहितोय.

घाई असेल त्यांच्यासाठी आधी सार. वापरलेली पेट्रोल-डिझेल गाडी महाराष्ट्रात आणून नंबर प्लेट लागेपर्यंत, मुंबई बंदरात पोचतानाच्या किमतीच्या साधारण चौपट पैसे जातात. हे चार कुठून आले ते खाली येईलच. पण त्याआधी गाडी येऊ तरी शकते का ते बघा, कारण निम्म्या लोकांचा विषय तिथेच संपतो.

पहिली चाळण: गाडी चालेल का?

स्टिअरिंग उजवीकडे पाहिजे. म्हणजे दुबई, अबुधाबी, कतार, अमेरिका, कॅनडा, जर्मनी इथली वापरातली गाडी बाद, कितीही कमी किलोमीटर चाललेली असू दे. आपल्याकडची आखातातली मंडळी सगळ्यात जास्त चौकशी करतात आणि सगळ्यात आधी तेच बाद होतात, वाईट वाटतं पण नियम आहे. उरले इंग्लंड, आयर्लंड, जपान, सिंगापूर, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका, केनिया वगैरे.

वय तीन वर्षांच्या आत पाहिजे, आणि हे वय बनल्याच्या तारखेपासून मोजतात, तुम्ही शोरूममधून घेतली त्या तारखेपासून नाही. कारखान्यातून निघून डीलरकडे सहा महिने पडून राहिलेली गाडी तुमच्यासाठी अडीच वर्षांची असेल, कस्टम्ससाठी तीन वर्षांची झाली. त्यात जहाजाचा वेळ धरा. २०२३ च्या शेवटापासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे बरीच जहाजं आफ्रिकेला वळसा घालून यायला लागली, तेव्हा "दोन वर्षं अकरा महिने झालेत, बसेल ना" असला खेळ खेळू नका.

स्पीडोमीटर किलोमीटरमध्ये हवा (इंग्लंडच्या गाड्या मैलात दाखवतात, डिजिटल डिस्प्ले असेल तर सेटिंगमधून बदलतो, काटेवाला असेल तर आधी नीट चौकशी करा). हेडलाइटचा झोत डाव्या बाजूने चालणाऱ्या ट्रॅफिकला जुळणारा हवा. गाडी आल्यापासून किमान पाच वर्षं रस्त्यावर चालण्यालायक असली पाहिजे आणि तेवढा काळ इथे सर्व्हिस मिळेल याची हमी लागते, म्हणजे जी कंपनी भारतात धंदाच करत नाही तिची गाडी आणायची तर हाच कागद अडतो. जहाजात चढायच्या आधी मान्यताप्राप्त एजन्सीकडून तपासणीचं सर्टिफिकेट लागतं, आणि इथे उतरल्यावर परत टेस्ट, पुण्याची एआरएआय किंवा नगरची व्हीआरडीई असल्या संस्थांकडे. आणि वापरलेली गाडी फक्त मुंबईच्या कस्टम्स बंदरातूनच आणता येते. गोव्याच्या लोकांनो, मुरगाव घराजवळ असलं तरी उपयोग नाही, मुंबईला उतरवून घाटातून खाली न्यायची.

"वापरलेली" म्हणजे काय हेही समजून घ्या, लोक इथे फसतात. बाहेरच्या देशात एकदा विकली गेली, भाड्याने किंवा लीजवर दिली गेली किंवा तिचं रजिस्ट्रेशन झालं की ती जुनी. ओडोमीटरवर बारा मैल असले तरी. आणि खरीखुरी नवी गाडी आणायची तर इथल्या नियमांत बसते याचं होमोलोगेशनचं प्रकरण वेगळं. म्हणून एकट्यादुकट्या माणसाच्या बाबतीत हिशोब बहुतेक वेळा जुन्या गाडीचाच निघतो.

घरच्या सामानात येत नाही हो

लग्नात भेटणारे काका हमखास सांगतात की ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्समध्ये (कायमचं परत येताना घरच्या सामानाला मिळणारी सवलत) गाडीला ड्युटी लागत नाही. लागते. कस्टम्स कायदा १९६२ मध्ये बॅगेजची जी व्याख्या दिलीय त्यातच मोटार वाहन वगळलंय. टीव्ही, फ्रिज, सोफा यांच्या सवलतीशी गाडीचा काही संबंध नाही, तिची वेगळी बिल ऑफ एन्ट्री (आयात मालाची कस्टम्सला द्यायची नोंद) भरायची. स्वतःच्या वापरासाठी आणताय तर आयईसी नंबर (आयात-निर्यात करणाऱ्यांना लागणारा कोड) काढायला लागत नाही, एवढाच काय तो दिलासा.

"गिफ्ट आहे" म्हणून पण सुटका नाही. सचिनची फेरारी आठवते ना? ब्रॅडमनच्या २९ शतकांची बरोबरी केली म्हणून ३६० मोडेना भेट मिळाली, ड्युटी निघाली सुमारे १ कोटी १३ लाख, सरकारने माफ केली तर त्यावर एवढा गदारोळ झाला की शेवटी ते पैसे फियाट कंपनीने भरले. तिथे सचिन होता. आपण कोण!

किंमत कुठली धरायची

सगळा टॅक्स ज्या आकड्यावर बसतो तो म्हणजे सीआयएफ: गाडीची किंमत, अधिक जहाजाचं भाडं, अधिक प्रवासाचा विमा. तुमची स्वतःची वापरलेली गाडी असेल तर आत्ता कोणी कोणाला विकत नाहीये, म्हणजे ताजं बिलच नाही. मग कस्टम्स नवी असतानाची किंमत घेतं आणि त्यातून घसारा वजा करतं. घसारा तिमाहीवर चालतो: पहिल्या वर्षी दर तिमाहीला ४ टक्के, दुसऱ्या वर्षी ३ टक्के, तिसऱ्या वर्षी अडीच टक्के. तिथल्या ऑनलाइन साइटवर तुमच्या गाडीला आज काय भाव आहे ते इथे कोणी विचारत नाही, बाजारात किंमत निम्मी झाली असेल तरी घसारा ठरलेला तेवढाच मिळतो.

भावाची गाडी नवी असताना व्हॅट सोडून ४०,००० पौंड. दोन वर्षं पूर्ण, म्हणजे १६ अधिक १२, एकूण २८ टक्के वजा. राहिले २८,८०० पौंड. जहाजाचं भाडं १,८०० धरलं, विमा ४००. झाले ३१,००० पौंड. पौंड सोयीसाठी ११५ रुपये धरू, म्हणजे ३५ लाख ६५ हजार.

इथे जरा थांबा, कारण पैसे वाचवायची खरी जागा हीच आहे. भाड्याची पावती नीट नसेल, म्हणजे घरच्या सामानाबरोबर एकच ढोबळ बिल केलं आणि गाडीचं भाडं वेगळं दाखवता आलं नाही, तर नियमाप्रमाणे गाडीच्या किमतीच्या २० टक्के भाडं धरू शकतात (विम्यासाठी असंच १.१२५ टक्के). २८,८०० चे २० टक्के म्हणजे ५,७६० पौंड. खरा खर्च १,८००. वरचे ३,९६० पौंड तुम्ही कोणालाच दिलेले नाहीत पण त्यावर टॅक्स पकडून हिशोब साधारण १५ लाखांनी फुगतो. एका कागदापायी! पॅकर्सवाल्याला पहिल्या दिवशीच सांगा, गाडीचं भाडं आणि विमा यांचं वेगळं बिल पाहिजे.

आता टॅक्स चढवू

२०२५ च्या बजेटमध्ये नावं बदलली, एकूण बोजा तोच राहिला. पूर्वी जुन्या गाडीवर १२५ टक्के बेसिक ड्युटी आणि त्यावर सरचार्ज असायचा, आता बेसिक ७० टक्के आणि कृषी पायाभूत सुविधा सेस साडेसदुसष्ट टक्के, सरचार्ज नाही. बेरीज आधीही १३७.५ होती, आताही १३७.५ च. पेपरात "ड्युटी १२५ वरून ७० वर" वाचून भाऊ भलताच खूश झाला होता, त्याला हे सांगताना माझाच जीव वर-खाली.

दोन्ही टक्के मूळ सीआयएफवरच काढायचे, एकावर एक नाही. मग सगळ्याची बेरीज करून तिच्यावर आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांना ४० टक्के, जीएसटीवरचा वेगळा भरपाई सेस गेला. चार मीटरच्या आतली, पेट्रोल १२०० सीसी किंवा डिझेल १५०० सीसीपर्यंतची असेल तर १८, आणि इलेक्ट्रिक असेल तर ५.

भावाची गाडी:
सीआयएफ ३५,६५,०००
बेसिक ड्युटी ७० टक्के: २४,९५,५००
कृषी सेस ६७.५ टक्के: २४,०६,३७५
इथपर्यंत बेरीज ८४,६६,८७५
त्यावर आयजीएसटी ४० टक्के: ३३,८६,७५०
एकूण १,१८,५३,६२५

म्हणजे नुसता टॅक्स ८२ लाख ८८ हजार आणि वर. आयजीएसटी हा ड्युटीवर पण बसतो, टॅक्सवर टॅक्स, म्हणून १३७.५ आणि ४० ची सरळ बेरीज करून १७७.५ धरू नका, प्रत्यक्षात २३२.५ टक्के होतात. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या बहुतेक हिशोबात हीच चूक असते.

रोज टक्के मांडत बसण्यापेक्षा मी गुणक काढून ठेवलेत, सीआयएफला गुणायचं आणि मोकळं व्हायचं. मोठी पेट्रोल-डिझेल गाडी, जुनी: ३.३२५. तीच नवी, ४०,००० डॉलरच्या वरची: २.९४. नवी, ४०,००० डॉलरपर्यंतची: २.३८. इलेक्ट्रिक नवी ४०,००० पर्यंत: १.७८५, त्याच्या वर २.२०५, आणि जुनी इलेक्ट्रिक साधारण २.४९.

नव्या गाडीत ती ४०,००० डॉलरची रेघ फार वाईट आहे. रेघेच्या आत ७० टक्के ड्युटी, रेघ ओलांडली की ७० अधिक ४० टक्के सेस, आणि तो वरच्या रकमेवर नाही तर अख्ख्या किमतीवर. ४०,००० ची गाडी टॅक्ससकट ९५,२०० डॉलरला पडते आणि ४०,१०० ची पडते १,१७,८९४ ला. शंभर डॉलरच्या फरकाने जवळपास २२,७०० डॉलर, डॉलर ८८ धरला तर वीस लाख. आणि रेघ सीआयएफवर आहे, म्हणजे शोरूमची किंमत आत असली तरी भाडं-विमा मिळवून बाहेर जाऊ शकते. शिवाय पेट्रोल इंजिन ३००० सीसीच्या वर किंवा डिझेल २५०० च्या वर असेल तर किंमत कितीही कमी असो, वरचाच दर. जुन्या गाडीला मात्र ही रेघ नाहीच, स्वस्त असो महाग असो, १३७.५.

तारखा आणि रेट

पौंडाचा भाव गुगलवर बघून चालत नाही, कस्टम्सचा स्वतःचा जाहीर केलेला रेट असतो आणि तुम्ही बिल ऑफ एन्ट्री भरता त्या दिवशी जो लागू असेल तो धरतात. बाजारभावापेक्षा थोडा वर असतो, त्यामुळे अंदाज करताना दोनेक रुपये जास्तच धरा. भावाच्या गाडीला पौंड दोन रुपयांनी वाढला की खर्च दोन लाखांच्या वर वाढतो.

उलट घसाऱ्याची एक तिमाही वाढली की फायदा. दुसऱ्या वर्षातली एक तिमाही म्हणजे १,२०० पौंड कमी, म्हणजे इथे साडेचार लाखांवर वाचले. पण तीन वर्षांची भिंत समोर आहे हे विसरू नका.

बिल ऑफ एन्ट्री जहाज यायच्या आदल्या दिवसापर्यंत भरलेली पाहिजे. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,०००, पुढे रोज १०,०००, म्हणजे दहा दिवसांचा घोळ ८५,००० ला पडतो. ड्युटी वेळेत नाही भरली तर १५ टक्के व्याज, आपल्या ८२ लाखांवर रोजचे ३,४०० च्या वर. आणि हे पैसे एकरकमी लागतात, हप्ता-बिप्ता काही नाही, तेव्हा जहाज सुटायच्या आधीच ते तिथल्या खात्यातून इथे येऊन पडलेले बरे.

बंदरातला किरकोळ खर्च, जो किरकोळ नसतो

इथले खर्च गुणले जात नाहीत, ही चांगली गोष्ट. वाईट गोष्ट म्हणजे ते दिवसांवर चालतात. कस्टम्स ब्रोकरची फी (सगळे अजून सीएचए म्हणतात), टर्मिनल हँडलिंग, सीएफएसचं (जिथे कंटेनर ठेवून उघडतात ते गोदाम) भाडं, शिपिंग लाइनचा डिलिव्हरी ऑर्डरचा चार्ज, त्यावर महाराष्ट्राची ०.१ टक्का स्टॅम्प ड्युटी जी आपल्या उदाहरणात दहा-बारा हजारांच्या आसपास जाते, आणि शेवटी फ्लॅटबेड, कारण नंबर नसलेली गाडी चालवत पुण्याला नेता येत नाही. फ्री दिवस संपले की डेमरेज आणि कंटेनरचं डिटेन्शन सुरू. या दोन्हीत फरक आहे, पहिलं जागेचं भाडं, दुसरं डब्याचं, आणि दोन्ही एकदम चढतात. कागद पूर्ण असतील तर दीड-दोन लाखांत निभावतं असं धरून आम्ही चाललो होतो, पण एखादं सर्टिफिकेट परदेशातून परत मागवायची वेळ आली तर आकडा कुठल्या कुठे जातो. ब्रोकरकडून कोटेशन घेताना "सगळं मिळून" असं तोंडी घेऊ नका, एकेक हेड लिहून घ्या आणि प्रत्येकापुढे हे तुमच्या फीमध्ये आहे का बाहेर, एवढं विचारा.

रो-रो जहाजाने, म्हणजे गाडी सरळ चालवत जहाजात चढवून आणायची, की कंटेनरमध्ये? रो-रो बऱ्याचदा स्वस्त पडतं आणि डब्याची कटकट नाही, पण गाडीत सामान भरता येत नाही. कंटेनरमध्ये सुरक्षित. लक्षात ठेवा, इथे वाचवलेला प्रत्येक पौंड इकडे ३.३२५ ने गुणून वाचतो.

तिकडून निघताना गाडीवरचं लोन पूर्ण फेडलेलं पाहिजे, आणि इंग्लंडात डीव्हीएलएला (तिथलं आरटीओ) गाडी कायमची बाहेर चाललीय असं कळवायचं असतं, व्ही-५-सी लॉगबुकमध्ये त्याचा भाग असतो. लॉगबुकची नीट कॉपी, मूळ खरेदीचं बिल आणि बनल्याची तारीख दाखवणारा कंपनीचा कागद, हे तीन हँडबॅगेत ठेवा. कंटेनरमध्ये पॅक करून पाठवलेले कागद कंटेनर सोडवायला लागतात, हा विनोद नाही, ओळखीत झालंय.

आरटीओ, म्हणजे शेवटचा दणका

महाराष्ट्रात इम्पोर्टेड गाडीला वन टाइम टॅक्स सरळ २० टक्के. साध्या पेट्रोल गाडीला किमतीप्रमाणे ११ ते १३ टक्के असतो तो स्लॅब इथे विसरा. आणि हा २० टक्के ड्युटीसकट झालेल्या किमतीवर. १,१८,५३,६२५ चे २० टक्के म्हणजे २३,७०,७२५. वर मर्यादा आहे, १ जुलै २०२५ पासून ती २० लाखांवरून ३० लाख केली. जुन्या मर्यादेत भावाचे पावणेचार लाख वाचले असते.

दोन्ही मिळून १,४२,२४,३५०. ३५ लाख ६५ हजारांनी भागा, ३.९९ येतात. हेच ते चार.

त्यात रजिस्ट्रेशन फी ५,०००, एचएसआरपी प्लेट, इन्शुरन्स. इन्शुरन्स कंपनी गाडीची किंमत काय धरतेय ते आधी विचारून घ्या, कारण प्रीमियम त्यावरच ठरतो आणि दीड कोटींच्या आसपास गेलेल्या गाडीचा प्रीमियम बघून परत एकदा खुर्चीत बसावं लागतं. आरटीओला बिल ऑफ एन्ट्री, ड्युटी भरल्याचा पुरावा, टेस्टचं सर्टिफिकेट आणि फॉर्म २० हे मुख्य. दुसऱ्या राज्यात रजिस्टर करून टॅक्स वाचवू असं मनात आलं असेल तर राहणार कुठे त्याचा विचार करा, गाडी कायमची इकडे आणली की इथला टॅक्स चुकत नाही.

अजून दोन-चार गोष्टी

"ब्रिटनशी करार झालाय ना, आता १० टक्केच ड्युटी" असं बरेच जण म्हणतात. २४ जुलै २०२५ ला करार सह्या होऊन झाला हे खरं, पण ती सवलत टप्प्याटप्प्याने आहे, कोट्यात आहे आणि तिथे बनलेल्या गाडीला, तसा उगमाचा दाखला असेल तर. भावाची गाडी इंग्लंडात घेतलेली पण बनलेली दुसरीकडे. तेव्हा एक्सेलमध्ये १० टक्के टाकून स्वप्नं बघू नका.

कोणी "इम्पोर्टेड आहे, पेपर क्लिअर आहेत" म्हणून निम्म्या भावात जुनी गाडी देत असेल तर मूळ बिल ऑफ एन्ट्री मागा. सप्टेंबर २०२५ मध्ये केरळात कस्टम्सने भूतानमार्गे आणलेल्या गाड्यांवर छापे टाकले, बऱ्याच गाड्या ताब्यात घेतल्या. चुकवलेली ड्युटी गाडीच्या मागे येते, मालक कितवाही असो.

फक्त काही महिन्यांसाठी, फिरायला म्हणून गाडी आणायची असेल तर कार्नेट (गाडी तात्पुरती आणायचा कागद) काढून आणता येते, ड्युटी न भरता, पण सिक्युरिटी ठेवायची आणि मुदतीत गाडी परत बाहेर न्यायची. लंडनहून रस्त्याने मुंबईला येणारे हौशी लोक हेच करतात.

भावाने शेवटी गाडी तिथेच विकली. एक्सेलमधला शेवटचा आकडा वहिनीने बघितला आणि विचारलं, एवढ्यात बाणेरला टू-बीएचके येतो ना? त्यानंतर चर्चा झाली नाही. इथे आल्यावर त्याने इथलीच, इथे बनलेली गाडी घेतली, आणि आता सिग्नलला एखादी इम्पोर्टेड गाडी शेजारी थांबली की तिच्याकडे बघून मनातल्या मनात चारने भागत बसतो.